गल्ली, बाजारपेठ की रंकाळा? कार्यक्रमासाठी रस्ता बंद करण्याआधी

तालमीच्या कट्ट्यावर विषय निघतो तो कार्यक्रमाचा. मर्दानी खेळ ठेवू, पोरांची रस्सीखेच, बायकांची झिम्मा-फुगडी, शेवटी सगळ्यांना मिसळ. पाहुणे ठरतात, पत्रिका छापायला जाते आणि मग कुणीतरी विचारतो, "रस्ता कुठला बंद करायचा?" तिथेच निम्मी अडचण तयार होते. रस्ता आणि वेळ आधी पक्की केली की कार्यक्रम त्यात बसवता येतो. ठरलेला कार्यक्रम भलत्याच रस्त्यावर बसवायला गेले की शेजारी, दुकानदार आणि पोलीस सगळेच नाराज होतात.

कोल्हापुरात यासाठी चार प्रकार चालतात: एक गल्ली संध्याकाळपुरती पूर्ण बंद, बाजारपेठेचा रस्ता दिवसभर बंद, रविवारी सकाळी लांब पट्टा बंद आणि अर्ध्या रस्त्यावर मंडप टाकून उरलेल्या अर्ध्यातून वाहतूक चालू. पहिल्यांदाच करणार असाल तर गल्ली घ्या. चौथ्या प्रकाराच्या वाटेला जाऊच नका.

अर्धा रस्ता: सगळ्यांत सोपा दिसतो, सगळ्यांत धोक्याचा असतो

"पूर्ण रस्ता कशाला अडवायचा, लोकांची गैरसोय नको," या भल्या विचारातून हा पर्याय निवडला जातो. पण रस्ता बंद दिसला तर गाडीवाला थांबतो, वळतो. अर्धा उघडा दिसला तर तो घुसतो, आणि समोरूनही कुणीतरी घुसलेला असतो. बारा फुटांच्या पट्टीत दोन्हीकडच्या गाड्या अडकतात, हॉर्न सुरू होतात आणि माइकवर बोलणाऱ्याचे काही ऐकू येत नाही. त्याहून वाईट म्हणजे शेवटची खुर्ची आणि जाणाऱ्या मोपेडचे हँडल यांत हातभर अंतर राहते. पोरगे खुर्चीवरून उठून पळाले की थेट गाडीसमोर. हे टाळायचे तर दोन्ही टोकांना शिट्टी घेऊन माणसे उभी करून आळीपाळीने गाड्या सोडाव्या लागतात, तेही सलग चार तास. तेवढ्या माणसांत गल्ली पूर्ण बंद करता येते. रस्त्याला मधे पक्का दुभाजक असेल आणि पलीकडची बाजू दोन्ही दिशांना पुरेल एवढी रुंद असेल, तरच याचा विचार करावा.

गल्ली: तोंडे मोजा, मग ठरवा

राजारामपुरीतल्या क्रमांकाच्या गल्ल्या या कामासाठी उत्तम. सरळ आहेत, दोन्ही टोकांना रस्त्याला मिळतात आणि एक बंद केली तर शेजारची गल्ली वाहतूक घेते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत तसे नसते. तिथे मुख्य गल्लीला बोळ फुटतात आणि काही बोळांना दुसरे तोंडच नसते. गल्ली बंद केली की त्या बोळातली सगळी घरे कोंडली जातात. म्हणून नकाशावर विसंबू नका. संध्याकाळी सात वाजता, म्हणजे गाड्या घरी परतलेल्या असताना, गल्ली पायी फिरा आणि तोंडे, म्हणजे गाडी आत शिरू शकेल अशी प्रत्येक जागा, मोजा.

प्रत्येक तोंडावर दोन कार्यकर्ते लागतात. एकटा माणूस गाडीवाल्याशी बोलत बसला की मागून दुसरा सुटतो. पाळी दोन तासांची ठेवा, त्यापुढे माणूस तोंड सोडून कार्यक्रम बघायला जातो. दोन टोके आणि तीन बोळ असतील तर एका पाळीला दहा आणि चार तासांना वीस माणसे झाली. ही माणसे स्टेज, जेवण आणि माइक सांभाळणाऱ्यांपेक्षा वेगळी हवीत. वीस भरत नसतील तर गल्लीचा पट्टा कमी करा, माणसे कमी करू नका.

तोंडावर काय लावायचे यावरही नीट विचार व्हावा. लोखंडी बॅरिकेड सगळ्यांत बरे. दोन बॅरिकेड एका रेषेत न लावता पाच-सहा फूट मागेपुढे, थोडे एकमेकांवर चढवून लावा. माणूस, व्हीलचेअर, बाबागाडी वळसा घेऊन आत जाते, दुचाकीला मात्र उतरावे लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावण्याची आपल्याकडे सवय आहे. लावायचीच असेल तर चालक किल्लीसह जागेवर हवा, कारण रुग्णवाहिका आली तेव्हा ट्रॉलीवाला मिसळीच्या रांगेत असून चालत नाही. नुसती दोरी कधीच बांधू नका. तिन्हीसांजेला दुचाकीवाल्याला ती दिसत नाही आणि बरोबर गळ्याच्या उंचीवर येते.

आत उभ्या राहिलेल्या गाड्या हे गल्लीतले खरे दुखणे. दोन दिवस आधी प्रत्येक दारात चिठ्ठी द्या, आदल्या रात्री प्रत्येक गाडीच्या काचेवर लावा आणि गाड्या कुठे लावायच्या ती जागाही चिठ्ठीत लिहा. "गाड्या काढाव्यात" एवढेच लिहिले तर कुणी काढत नाही. तरीही एखादी परगावच्या पाहुण्याची गाडी राहतेच. तिच्याभोवती खुर्च्या न मांडता बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा आणि ती निघाली तर कार्यकर्त्याने पुढे चालत, चालण्याच्या वेगाने तिला बाहेर काढावे.

घरोघरी फिरतानाच विचारून ठेवा: कुणाचे डायलिसिस आहे, कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाला रात्री रेल्वे गाठायची आहे. गल्लीत मयत झाली तर काय करायचे, हेही आधी बोलून घ्या. त्या क्षणी वाद नको. कार्यक्रम थांबवायचा आणि रस्ता मोकळा करायचा, एवढे ठरलेले असावे.

आता बांबूची चाचणी. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी बारा फुटी बांबू दोघांनी आडवा धरायचा आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. अग्निशमनची गाडी साधारण आठ फूट रुंद असते, पण तिला आरसे असतात आणि जवानांना दार उघडून खाली उतरावे लागते, म्हणून बारा. बांबू जिथे अडेल तिथली वस्तू हलवायची, मग ती स्टेजची पायरी असो, आइस्क्रीमची गाडी असो नाहीतर पाहुण्यांसाठी ठेवलेला सोफा. "वेळ आली की हलवू" चालणार नाही, कारण धूर दिसल्यावर गर्दी त्याच वाटेने बाहेर धावणार असते. कमानीची आणि आडव्या वायरची उंचीही त्याच वेळी बघा. सोळा फुटांखाली काही लोंबकळत असेल तर वर घ्या.

ही बारा फुटांची वाट सोडली की खुर्च्यांचा हिशेब सोपा होतो. रस्ता तीस फुटांचा असेल तर अठरा फूट उरतात. खुर्चीला दोन फूट धरले तर एका ओळीत नऊ. ओळीला तीन फूट. म्हणजे तीनशे खुर्च्यांना शंभर फूट लांबी लागते, स्टेज वेगळे. वीस फुटांच्या गल्लीत तेवढ्याच लांबीत सव्वाशे-दीडशे खुर्च्याच बसतात. तिथे खुर्च्या सोडून सतरंजी घाला, मुलांना पुढे बसवा.

मंडपाच्या बांबूसाठी रस्ता खोदू नका. पत्र्याचे डबे किंवा ड्रम वाळूने भरून त्यात बांबू उभे करा. नेमक्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी वळीव आला तर मात्र हे पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये मंडपाचे कापड वाऱ्याने पालासारखे फुगते आणि डबे ओढत नेते. त्या महिन्यांत छताशिवाय करा किंवा कापड चटकन सोडता येईल असे बांधा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला.

बाजारपेठ: महाद्वार रोडचे गणित वेगळे

नवरात्रात अंबाबाई मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. त्यामुळे मंदिराच्या दारातला महाद्वार रोड बंद करणे आपल्या लोकांना नवीन वाटत नाही. पण नवरात्रात पोलीस, महापालिका आणि देवस्थान सगळे कामाला लागलेले असतात. एका मंडळाला किंवा व्यापाऱ्यांच्या गटाला तेच करायचे झाले तर ताकद अपुरी पडते. बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाच्या तिकटीपर्यंत या रस्त्याला ताराबाई रोड, जोतिबा रोड, गुजरी आणि कितीतरी बोळ मिळतात. वरचा दोन माणसांचा हिशेब इथे लावून बघा, आकडा बघूनच पाय मागे येतो.

दुकानदाराची भीती खरी असते. त्याचे गिऱ्हाईक दुचाकी दारात लावणारे आहे. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा करते. तिथून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे संपूर्ण रस्त्याच्या मागे न लागता एक तुकडा आणि एक दिवस घेणे. इथेही सगळा महाद्वार रोड न घेता एक तुकडा घ्यावा, बिंदू चौक आणि गांधी मैदानाकडे गाड्या लावायची सोय दाखवावी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तिथून दोन-तीन रिक्षा फिरत्या ठेवाव्यात. मालाचे टेंपो सकाळी नऊच्या आत आत-बाहेर व्हावेत. कपिलतीर्थ मंडईत भाजी आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध सकाळीच येते, त्या वेळी अडवाल तर पहिल्याच दिवशी विरोध ओढवून घ्याल.

वळवलेली वाहतूक कुठे जाते याकडेही लक्ष हवे. महाद्वार रोडची गर्दी भाऊसिंगजी रोडवर ढकलली तर ती सीपीआर रुग्णालयाच्या दारात जाऊन तुंबते. रविवार असेल तर लक्ष्मीपुरीकडे वळवूनही उपयोग नाही, तिथे आठवडी बाजार भरलेला असतो. या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवून वळण काढता येत नसेल तर बाजारपेठेचा बेत सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रविवार सकाळ, रंकाळा तलावाकाठी

सकाळी सहा ते नऊ, सायकली, स्केटिंग, योगासने, चालणे. मंडप नाही, स्टेज नाही, खुर्च्या नाहीत, त्यामुळे खर्च सगळ्यांत कमी. कोलंबियातल्या बोगोटात १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन रस्ते सायकलींसाठी मोकळे ठेवतात, गुरुग्रामने २०१३ मध्ये राहगिरी हा असाच उपक्रम सुरू केला. या प्रकाराचे बळ ठरलेल्या वारात आणि ठरलेल्या वेळेत आहे. लोकांना पाठ झाले की गाडीवाला आपणहून दुसरी वाट धरतो. वर्षातून एकदाच केले तर प्रत्येक वेळी नव्याने समजावत बसावे लागते. म्हणून सलग सहा रविवार करायची तयारी नसेल तर इकडे येऊ नये.

रंकाळ्याची अडचण म्हणजे तो फिरायचा काठ आहे तसाच राधानगरी, गगनबावड्याकडे जायचा रस्ताही आहे. रंकाळा बसस्थानकातून एसटी सुटतात. सगळा वेढा बंद करायची मागणी घेऊन गेलात तर नकारच येईल. एसटी आणि केएमटी (शहर बस) यांचा मार्ग नसलेला तुकडा शोधा आणि तेवढाच मागा. ध्वनिवर्धक सकाळी सहाच्या आत लावता येत नाही. सहानंतरही शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत, लावू नका. योगासनांना तोंडी सूचना पुरतात.

मैदान

कार्यक्रमात स्टेज आणि पाहुण्यांची भाषणे हाच मुख्य भाग असेल, तर दसरा चौक किंवा गांधी मैदान घ्या आणि रस्त्याला हात लावू नका. रस्ता तेव्हाच बंद करावा जेव्हा दारातून बाहेर पडून शेजाऱ्याशी बोलणे, मुलांनी घरासमोर खेळणे, हाच कार्यक्रम असेल. मैदानावर ते होत नाही. आजी दारातल्या खुर्चीत बसून बघते, तिला कुणी मैदानावर नेत नाही.

परवानगी

रस्ता बंद करण्याचा अधिकार मंडळाला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ११५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चे कलम ३३ यांखाली वाहतुकीचे आदेश निघतात. कलम ११५ खालील बंदी महिन्याभराच्या आतली असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावी लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी लागते. अर्ज तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आणि शहर वाहतूक शाखेत, मंडपासाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, विजेसाठी महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर आकडा टाकणे गुन्हा आहे आणि गर्दीत जिवावर बेतणारेही. अर्ज किमान तीन आठवडे आधी द्या आणि सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा: बंद पट्टा, प्रत्येक तोंड, तिथल्या दोघांची नावे व मोबाइल, बारा फुटांची वाट, वाहतुकीचे वळण. असा नकाशा जोडलेल्या अर्जावर बोलणे लवकर पुढे सरकते, कारण अधिकाऱ्याला पडणारे पहिले चार प्रश्न त्यातच सुटलेले असतात.

आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. बारापर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि ठरवून दिलेल्या सणांनाच मिळते. तुमचा दिवस त्यात आहे असे गृहीत धरू नका. एका टोकाला मोठा डॉल्बी लावण्यापेक्षा दर पन्नास-साठ फुटांवर एक छोटा स्पीकर, तोंड खाली आणि आतल्या बाजूला, असे केले तर शेवटच्या ओळीला ऐकू येते आणि शेजारच्या गल्लीला त्रास होत नाही.

रस्ता उघडताना

अपघात बहुतेक याच अर्ध्या तासात होतात. माइक दहाला बंद झाला तरी मुले रस्त्यावर बसलेली असतात, बायका बोलत उभ्या असतात, आणि एखादा उत्साही कार्यकर्ता तोंडावरचे बॅरिकेड बाजूला करतो. बाहेर ताटकळलेल्या गाड्या एकदम आत येतात. म्हणून आधी खुर्च्या, मग स्टेज, मग झाडू. खिळे, काचा, द्रोण उचलून झाले की दोघांनी टोकापासून टोकापर्यंत चालत जाऊन मुले घरात गेली का बघायचे. पोरांना दारात पोचवूनच मग आधी एकच टोक उघडायचे, आतल्या गाड्या बाहेर जाऊ द्यायच्या आणि दहा मिनिटांनी दुसरे. रांगोळीला ऑइल पेंट वापरला असेल तर तो भाग सकाळपर्यंत बॅरिकेडने झाकून ठेवा. दव पडले की त्यावरून दुचाकी घसरते.