सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिली गाडी: ज्युपिटर १२५

माझी उंची पाच फूट एक इंच. शाळा साताऱ्याजवळच्या माहुलीच्या पुढे, घरापासून बारा किलोमीटरवर. इतकी वर्षं सकाळी एसटी, ती चुकली की वडाप, आणि संध्याकाळी कोणी सोडेल तसं. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि घरात गाडीचा विषय निघाला. पाडव्याला टीव्हीएस ज्युपिटर १२५ दारात आली. आता अडीच हजार किलोमीटर झालेत. ज्या बायका पहिल्यांदाच गाडी घ्यायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

भाच्यानं मला ताकद, ॲव्हरेज, ब्लूटूथ असा सगळा तक्ता पाठवला होता. मला त्यातला एकच आकडा कळला, वजनाचा, कारण शिकताना मैत्रिणीची गाडी माझ्या अंगावर आली होती. मैदानावर वळवून घेत होते. हँडल पूर्ण उजवीकडे, वेग चालण्याइतका, आणि घाबरून उजवा ब्रेक दाबला. उजवा म्हणजे फक्त पुढच्या चाकाचा. चाक जागीच अडलं, गाडी कलली आणि खाली टेकवायला माझा पाय पुरला नाही. गुडघा आठवडाभर सुजला होता. तेव्हा कळलं, शिकाऊ माणूस गाडी पाडतो तो बहुतेकदा उभ्या उभ्या: थांबताना, वळवताना, स्टँडला लावताना. म्हणून गाडी निवडताना मी आधी बंद गाडीच तपासली.

शोरूममध्ये शाळेची चप्पल घालूनच गेले. प्रत्येक गाडीवर बसून दोन्ही पाय खाली सोडले. यामाहाची फॅसिनो ९९ किलोची, ढकलायला फुलासारखी, पण सीट ७८० मिलिमीटरवर आणि माझे फक्त चवडे टेकत होते. ज्युपिटर १०८ किलोची, पण सीट ७६५ वर. दीड सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही; माझी टाच त्या दीड सेंटिमीटरनं जमिनीला लागली. सुझुकीची ॲक्सेसही आवडली, इंजिन फार मऊ आहे. जिला वजनाचीच धास्ती आहे तिनं आधी फॅसिनो पाहावी. एक मात्र लक्षात ठेवा, नुसत्या उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच वर उचलला जातो. बसून पाहिल्याशिवाय हे समजत नाही.

मग मेन स्टँड. सेल्समन म्हणाला, "काकू, साइड स्टँड आहे ना, हे कशाला?" मी म्हटलं, आमच्या घरासमोर उतार आहे, मला हेच लागणार. डावा हात हँडलला, उजवा मागच्या दांडीला, उजवा पाय स्टँडच्या कानावर, आणि अंगाचं सगळं वजन पायावर सोडायचं. हातांनी ओढायला गेलात तर कंबर धरते. ज्युपिटर दुसऱ्या प्रयत्नात चढली. वजन जास्त असूनही ती हाताला जड लागत नाही, कारण पेट्रोलची टाकी सीटखाली नसून पाय ठेवतो त्या जागेखाली आहे. भार खाली राहतो. हळू वेगात, शाळेच्या फाटकातून वळताना, हा फरक मला रोज जाणवतो.

टाकी खाली गेल्यामुळे डिकी ३३ लिटरची झालीय. चौथीच्या अडतीस वह्या, डबा, रेनकोट एवढं आत मावतं आणि मागे दप्तर लटकत नाही. पेट्रोलचं झाकण पुढे हँडलखाली आहे. पंपावर उतरायचं नाही, सीट उघडायची नाही. सकाळच्या गडबडीत याची किंमत कळते. दोन्ही चाकं बारा इंची आहेत, माहुलीपुढच्या खड्ड्यांत मागून दणका कमी बसतो. डाव्या ब्रेकनं दोन्ही चाकांना मिळून ब्रेक लागतो. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना अशी किंवा एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी) सोय २०१९ पासून सक्तीची आहे. मला सवय डाव्याचीच लागली. खडीवर उजव्याला मी बोट लावत नाही. ॲव्हरेज मला पंचेचाळीसच्या आसपास पडतं.

खरेदीत मनस्ताप झाला तो गाडीचा नव्हता. पहिल्या शोरूममध्ये (तिथे घेतली नाही) माणूस सगळं माझ्या भाच्याशीच बोलत होता आणि ऑन-रोड किमतीत 'हॅंडलिंग' आणि न मागितलेला ॲक्सेसरीज किट घालून ठेवला होता. प्रत्येक ओळीचा हिशेब मागा, लाजू नका. विम्यात पाच वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) सक्तीचा आहे, पण विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. वाचलेल्या पैशांत आयएसआय शिक्क्याचं, हनुवटी झाकणारं हेल्मेट घ्या. मी घेतलं.

११० सीसीची घेतली असती तर पैसे वाचले असते. एकटीला ती पुरेल, सपाट गावात तर नक्कीच. पण साताऱ्यात कुठेही जा, चढ सुटत नाही, आणि माझी आई अधूनमधून मागे बसणार हे मला माहीत होतं. परवा तिला मोती चौकातून घेतलं. राजवाडा मागे पडल्यावर समर्थ मंदिराकडे चढ सुरू होतो, पुढे रिक्षा, बाजूला बस. मी वेग कमी केला, गाडी कुरकुरली नाही, हलकासा ॲक्सिलरेटर दिला की वर सरकत राहिली. आईनं माझा खांदा घट्ट धरला होता. म्हणाली, "हळू घे गं, पण थांबू नकोस."