कानामागचं श्रवणयंत्र: खरी किंमत मोजून बसवण्यात आहे

कानामागे बसणारं आणि बारीक तारेनं स्पीकर थेट कानाच्या नळीत नेणारं डिजिटल श्रवणयंत्र मी दोन्ही कानांना वापरतो. माझी सगळी नोकरी छापखान्यात मशीनवर झाली. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात वर्षानुवर्षं रोज आठ-आठ तास काढले, की आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरत जातात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. माझ्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीत, मोठा खड्डा आहे. म्हणून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. स, श, फ ही बारीक अक्षरं नेमकी याच वरच्या पट्टीतली. आमच्या हिने ‘साठ’ म्हटलं की मला ‘आठ’ ऐकू यायचं. घरच्यांना वाटायचं, माझं लक्षच नसतं.

यंत्र पहिल्यांदा घेतलं तिथे नुसता आलेख संगणकात भरून ते हातात दिलं. आवाज वाढला, ‘साठ’चा ‘आठ’ राहिलाच. मग दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टताईंकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे, गेलो. त्यांनी आधी कानात पाहून मळ काढून घ्यायला सांगितलं, मग दोष कानाच्या कुठल्या भागात आहे ते कळायला कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा तपासणी केली. दोष मळाचा, पडद्यामागच्या पाण्याचा, पडद्याच्या भोकाचा किंवा मधल्या कानातल्या जखडलेल्या हाडाचा असेल तर औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं बरंच काही परत येऊ शकतं, यंत्र नंतर. माझा दोष आतल्या कानाचा निघाला. त्यावर त्यांनी यंत्रासोबत एक मऊ, बारीक नळी कानात सोडली आणि पडद्याजवळ आवाज प्रत्यक्ष किती पोचतो ते मोजलं. वरच्या पट्टीत हवा तेवढा पोचतच नव्हता! याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. यंत्र तेच, फक्त जुळवणी बदलली, आणि नातीचं बोलणं मला तिच्या तोंडाकडे न बघता कळू लागलं. तुम्ही कुठेही यंत्र घ्या, ही मोजणी मागून घ्याच.

सुरुवातीला भांड्यांचा आणि कागदाचा आवाज फार टोचतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, तोवर यंत्र डब्यात ठेवून देऊ नका. बरेच जण इथेच हरतात. चारचौघे एकदम बोलू लागले की मात्र अजूनही तारांबळ उडते. समोर तोंड करून जवळ बसलं तर दिशा पकडणारे मायक्रोफोन मदत करतात, लांबून नाही.

एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर यंत्र पाहायला जाऊच नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. त्यावर स्टेरॉइड लवकर सुरू करावं लागतं.

तक्रार एकच, मळ अडवणाऱ्या फिल्टरची. तो तुंबला की यंत्र मेल्यासारखं गप्प होतं. बदलायचा तुकडा इतका बारीक, की थरथरत्या बोटांनी आणि अधू नजरेनं तो बसवणं जवळजवळ अशक्य. हे यंत्र वापरणारे बहुतेक म्हातारेच, हे कंपन्यांनी ध्यानात घ्यायला हवं. माझा फिल्टर सूनबाई बदलून देते.