११.३ वरून १०.६: रोजच्या गाडीतल्या कॉम्प्रेशन रेशोचा आठ महिन्यांचा अनुभव

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण पिस्टन किती पट दाबतो तो आकडा. इंजिन उघडलं तेव्हा डोक्यात एकच आकडा बसला होता: ११.३. आज तेच इंजिन १०.६ वर आहे आणि गाडी पहिल्यापेक्षा कितीतरी मोकळी पळते. मधल्या काळात हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, दोनदा उतरवावं लागलं. त्यातलं पहिल्यांदाचं वाया गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८६, अ‍ॅल्युमिनियम हेड, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकच्या वाटेत फवारलं जातं), टर्बो नाही. इंधन पंपावरचं ९५ ऑक्टेन (हा आकडा जितका जास्त तितकं पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायला कमी तयार). एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन एका धावेत व्यापतो ती जागा, ४४३ सीसी. म्हणजे ११.३ हवा असेल तर पिस्टन वर आल्यावर फक्त ४३ सीसी जागा उरली पाहिजे, गॅस्केटची (हेडखालच्या पातळ सीलची) जाडी आणि पिस्टनवरचे व्हॉल्व्हचे खळगे धरून.

तसं इंजिन बांधलं आणि थंडीत गाडी सुरेख चालली. ऊन वाढलं आणि चढावर, वरच्या गिअरमध्ये, २५०० ते ३५०० आरपीएमला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. नॉकिंग: ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सहा अंश मागे घेतल्यावर आवाज थांबला, पण ओढही गेली. हिशेब करून पाहिला: १०.६ वरून ११.३ वर गेल्याने आदर्श ऑटो चक्राची (पेट्रोल इंजिनाच्या पुस्तकी गणिताची) कार्यक्षमता जेमतेम दीड टक्का वाढते. ते दीड टक्का मिळवायला मी सहा अंश घालवले होते.

मग सोपा वाटणारा उपाय केला. आधीच्यापेक्षा ०.६ मिमी जास्त जाड गॅस्केट टाकलं. रेशो १०.६ वर आला, नॉकिंग मात्र थोडंच कमी झालं. हे मला खूप लागलं, कारण कागदावर सगळं बरोबर होतं. चुकलं ते स्क्विशमध्ये. पिस्टनची सपाट कड हेडच्या सपाट भागाजवळ येते तेव्हा तिथलं मिश्रण झपाट्याने प्लगकडे ढकललं जातं, घुसळण होते आणि ज्वाला लवकर पसरते. कडेला उरलेला पातळ थर धातूला लागून थंड राहतो. पिस्टन आणि हेडमधली ही फट माझ्याकडे ०.९ मिमी होती, ती १.५ झाली. कडेला मिश्रण साठायला जागा मिळाली, आणि नॉकिंग सुरू होतं ते नेमकं शेवटी जळणाऱ्या अशाच मिश्रणात.

दुसऱ्यांदा हेड उतरवलं तेव्हा पातळ गॅस्केट परत बसवलं आणि हेडमधल्या प्रत्येक चेंबरमधून (मिश्रण जळतं त्या खोलगट जागेतून), व्हॉल्व्हच्या कडेने, सुमारे ३ सीसी धातू घासून काढला. धारदार कडा गुळगुळीत केल्या. ब्युरेटने (खुणा असलेल्या काचेच्या नळीतून द्रव सोडून) चारही चेंबर मोजले, कारण एखाद्या सिलिंडरचा रेशो जरी वर राहिला तरी टायमिंग त्याच्याच हिशेबाने लावावं लागतं. रेशो पुन्हा १०.६ च, फट ०.९. सहापैकी पाच अंश परत मिळाले. आकडा तोच, इंजिन वेगळं!

कॅम (व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणारा दांडा) ठरवल्याशिवाय रेशो ठरवू नका, हेही कळकळीने सांगतो. माझा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्यावर ६२ अंशांनी बंद होतो, त्यामुळे खरं दाबणं उशिरा सुरू होतं: ११.३ ला प्रत्यक्षात साधारण ९.२ आणि १०.६ ला ८.६. हाच व्हॉल्व्ह ४५ अंशांना बंद होत असता तर १०.६ लाही साडेनऊ झाले असते, आणि मग मी दहाच्याही खाली थांबलो असतो.

माझदा या जपानी कंपनीने २०११ मध्ये १४ रेशोचं स्कायअ‍ॅक्टिव्ह इंजिन रस्त्यावर आणलं, मग आपण का नाही, असं मीही म्हणायचो. पण तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि आतली हवा थंड करतं. शिवाय त्या मालिकेतल्या पुढच्या काही इंजिनांत ४-२-१ एक्झॉस्ट (चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक) आहे, त्यामुळे गरम वायू आत कमी उरतात. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनाने तो आकडा उचलू नये.

मायलेज ११.३ च्या वेळेइतकंच आहे, प्लग स्वच्छ निघतात. ९८ ऑक्टेन भरून पाहिलं, फरक जाणवला नाही. एक त्रास उरलाय. गर्दीत बराच वेळ उभं राहून एकदम ओढलं की नॉक सेन्सर (नॉकिंग ओळखणारा) टायमिंग अजूनही एक-दोन अंश मागे घेतो. एअर फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा खेचतोय, तेव्हा आता हेडला हात न लावता बाहेरची हवा आणणारा डक्ट बसवतोय.