बॅटरीसाठी ट्रान्सफॉर्मर: साधा, लिट्झ वायरचा की थ्रीडी प्रिंट केलेला?

जिनिंग, डाळमिल किंवा शेतकरी कंपनीच्या गोदामावर सौर पॅनेल बसले आहेत. आता ५० किलोवॉटची बॅटरी जोडायची आहे आणि हातात तीन तऱ्हांची दरपत्रकं आहेत. एकात नेहमीचा ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्यात लिट्झ वायरचा (इनॅमल लावलेल्या बारीक तारांच्या पिळाचा) हाय-फ्रिक्वेन्सी, म्हणजे हजारो हर्ट्झवर चालणारा, तिसऱ्यात थ्रीडी प्रिंट केलेल्या तांब्याच्या वाइंडिंगचा (वेढ्यांचा) हाय-फ्रिक्वेन्सी. विदर्भात निवड करताना आधी दोन प्रश्न विचारावेत: मे महिन्यात याची उष्णता कुठून बाहेर पडणार, आणि बिघडला तर उघडणार कोण?

ट्रान्सफॉर्मर लहान होतो तो प्रिंटिंगमुळे नव्हे, फ्रिक्वेन्सीमुळे. ७०० व्होल्ट, २० किलोहर्ट्झ, २० चौरस सेंटिमीटर छेदाचा फेराइट कोअर (चुंबकीय सिरॅमिकचा गाभा) आणि त्यात ०.२ टेस्ला चुंबकीय घनता धरली, तर साधारण २२ वेढे पुरतात. हाच कोअर ५० हर्ट्झवर चालवायचा तर वेढे ४०० पट, म्हणजे जवळपास नऊ हजार लागतील. मात्र हा लहान ट्रान्सफॉर्मर थेट लाइनला लागत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना स्विचिंगचे मॉड्यूल हवेत, शिवाय लाइनकडे इन्व्हर्टर. म्हणून नुसत्या ट्रान्सफॉर्मरची नव्हे, पूर्ण संचाची किंमत ताडून पाहा.

जागा असेल आणि संच एकाच ठिकाणी राहणार असेल, तर इन्व्हर्टरच्या पुढे ५० हर्ट्झचाच घ्यावा. चढवायला चेन-पुली लागते, हे खरं. पण एवढं लोखंड सावकाश तापतं, त्यामुळे थोडा वेळ ओव्हरलोड झाला तरी तग धरतं. डीपी दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याची रचना ओळखीची असते आणि रिवाइंडिंग अकोला, अमरावती, नागपुरात होतं.

हाय-फ्रिक्वेन्सीची खरी गरज पडते ती बॅटरी आणि डीसी बसचा (संचातल्या सामाईक डीसी लाइनचा) व्होल्टेज वेगळा असून मध्ये आयसोलेशन, म्हणजे दोन्ही बाजूंत थेट विद्युत जोड नसणं, हवं असेल तेव्हा, किंवा संच ट्रॉलीवर गावोगाव न्यायचा असेल तेव्हा. इथे उष्णतेचा हिशेब कडक आहे. कार्यक्षमता ९९ टक्के असली तरी ५० किलोवॉटवर ५०० वॉट उष्णता एका डब्याएवढ्या वस्तूत तयार होते. पॉवर फेराइटचा लॉस (उष्णता होऊन वाया जाणारी वीज) बहुधा ९० ते १०० अंशांच्या आसपास सर्वांत कमी असतो, त्यापुढे वाढतो. सॅच्युरेशनही (कोअरची चुंबकीय मर्यादा) २५ अंशांना सुमारे ०.५ टेस्ला असतं, ते १०० अंशांना ०.४ वर येतं. बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या शेडमधलं पॅनेल त्याहून तापलेलं असतं. त्यात सरकीच्या तुसाने फिल्टर बुजला की कोअर तापतो, लॉस वाढतो आणि तो आणखी तापतो.

लिट्झ वायर का? २० किलोहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरमधून वाहतो. ८० अँपिअरसाठी २० चौरस मिलिमीटर तांबं धरलं, तर ०.१ मिलिमीटरच्या सुमारे अडीच हजार तारा होतात. दुखणं लगपाशी (तारांच्या टोकाच्या जोडापाशी) असतं. प्रत्येक तारेचं इनॅमल निघून तिला टिन लागला नाही, तर करंट उरलेल्या तारांवर येतो आणि लग काळा पडतो. दुसरी उणीव म्हणजे इनॅमल आणि हवेमुळे आतल्या थरांची उष्णता अडकते.

प्रिंट केलेलं वाइंडिंग नेमकं तिथे सरस ठरतं. कंडक्टर आतून पोकळ ठेवून त्यातून कूलंट फिरवता येतो, आणि प्रत्येक वेढ्याचा आकार वेगळा करता येतो. लीकेज इंडक्टन्सही (एका वाइंडिंगमधून दुसऱ्यात न पोचणाऱ्या चुंबकीय प्रवाहाचा इंडक्टन्स) नगागणिक फारसा बदलत नाही. ड्युअल अॅक्टिव्ह ब्रिजमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना स्विचिंग असलेल्या सर्किटमध्ये, पॉवरचं गणित त्यावरच बसतं, म्हणून ही जमेची बाजू मोठी आहे.

पण तांबं इन्फ्रारेड लेसर परावर्तित करतं, त्यामुळे साध्या मशीनवरचा भाग सच्छिद्र निघू शकतो. हिरवा लेसर किंवा इलेक्ट्रॉन बीम वापरला का, आणि वाहकता शुद्ध तांब्याच्या किती टक्के आली, हे लेखी घ्या. भाग अॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचा असेल तर वाहकता निम्म्याहूनही कमी असते. वेढ्यांमध्ये पावडर अडकून राहिली तर शॉर्ट होतो. इन्सुलेशन प्रिंटनंतर चढवतात आणि खरखरीत कडांवर ते पातळ राहतं. कूलंट म्हणून बोअरचं पाणी तर कधीच नको. खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या भागात) ते बारीक वाहिन्या क्षारांनी बुजवून टाकेल. डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी आणि ग्लायकोलच वापरावं.

गावातल्या संचासाठी हाय-फ्रिक्वेन्सी घ्यायचाच असेल, तर आमचा कौल लिट्झ वायरला, आणि प्रिंटिंग फक्त बॉबिनपुरतं (तार ज्यावर गुंडाळतात त्या साच्यापुरतं): थरांमध्ये हवेच्या वाटा ठेवलेलं, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं. थेट ११ केव्हीला जोडायच्या संचात मात्र असं बॉबिन नको. थरांमधल्या पोकळ्यांत पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशन हळूहळू पोखरणाऱ्या बारीक ठिणग्या) सुरू होतो.

माल उतरवून घेताना लीकेज इंडक्टन्स २० किलोहर्ट्झवरच मोजायला लावा आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स डीसीवर व २० किलोहर्ट्झवर, दोन्हीकडे. नंतर पॅनेलचं दार बंद ठेवून पूर्ण लोडवर चार तास चालवा. कोअर आणि आतला थर, दोन्हीकडे सेन्सर हवा. ही चाचणी दुपारी दोन वाजता घ्यावी. प्रिंट केलेलं वाइंडिंग घेतलंत तर एक सुटं वाइंडिंग त्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या, कारण ते जळलं तर जवळपास रिवाइंड होणार नाही.