पुण्यातली ‘स्वच्छ’ची कचरासेवा: काम चोख, वसुलीची बाजू कच्ची

पुण्यात दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या ताई महापालिकेच्या नोकर नाहीत, हे अजूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत, म्हणजे संस्था त्यांचीच. त्यांना पगार नसतो. घरटी मिळणारी महिन्याची फी आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे, हीच मुख्य कमाई. महापालिकेचा निधी लागतो तो हातमोजे, बूट, रेनकोट, ढकलगाड्या अशा साहित्याला आणि कामावर लक्ष ठेवणाऱ्या समन्वयकांच्या खर्चाला. या सेवेतलं चांगलं-वाईट बहुतेक इथूनच निघतं.

1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. 1996 मध्ये महापालिकेने कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. याच संघटनेतून पुढे 2007 मध्ये ‘स्वच्छ’ची नोंदणी झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. सभासदांत बहुसंख्य दलित समाजातल्या बायका. ज्या कुंडीत वाकून काचा-कागद वेचत होत्या, त्यांनाच शहराने दारातून कचरा उचलण्याचं काम दिलं. घरोघरच्या संकलनाचं कंत्राट थेट एखाद्या बड्या ठेकेदाराला गेलं असतं, तर याच बायकांच्या हातचं भंगार गेलं असतं. सार्वजनिक पैसा इथे नवी नोकरी निर्माण करत नाही, आधीपासून होत असलेल्या कामाला ओळख आणि बळ देतो. आमच्या मते या व्यवस्थेची खरी किंमत हीच आहे.

आता सेवा. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा केलेला असेल तर काम झपाट्याने होतं. ओला कचरा पिशवीत बांधू नका, डब्यातून तसाच ओता. पिशवी फोडायला वेळ जातो, शिवाय आत ब्लेड किंवा काच असली तर हात कापतो. दुधाची पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नका, ते चिटुकलं वेगळं झालं की कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून वाळवलेली असली की तिला भाव येतो, खरकटी सुकी वस्तू भंगारवाला घेत नाही. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी हातात द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की ते पुडकं उघडलं जात नाही, एवढं साधं आहे. तरीही उघडे डायपर ओल्या कचऱ्यात सापडतातच आणि ते हातानेच वेचून काढावे लागतात.

सगळ्यात कच्चा दुवा वसुलीचा. कचऱ्याची फी देणं घनकचरा नियमांनुसार बंधनकारक आहे, पण ती मागत दारोदार फिरायचं ताईंनीच. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत वीस जणांनी चालढकल केली तर फीचा पाचवा हिस्सा बुडाला, कचरा मात्र शंभर घरांचा उचलावाच लागतो. सोसायटीने मेंटेनन्समध्येच रक्कम धरून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकरकमी दिली तर हा प्रश्न जवळजवळ मिटतो. ‘मागच्या ताई कमी घ्यायच्या’ म्हणून घासाघीस करू नये, दर महापालिका ठरवते. बुडालेल्या फीची जोखीम शहरातल्या सर्वांत गरीब कामगाराच्या डोक्यावर ठेवणं आम्हाला पटत नाही. निदान बुडालेल्या फीपुरती हमी महापालिकेने घ्यायला हवी. 2020 अखेर करार संपल्यावर काही काळ तुकड्यातुकड्यांनी मुदतवाढ मिळत गेली. अशा अधांतरी महिन्यांत कुणी नवी गाडी किंवा साहित्य कशाच्या भरवशावर मागायचं?

दुसरी अडचण वेळेची. ताई कचरा गोळा करून ठरलेल्या फीडर पॉइंटवर नेतात आणि तिथून महापालिकेची गाडी तो उचलते. गाडीला उशीर झाला की ढिगाजवळ ताटकळावं लागतं आणि पुढच्या इमारतींची वेळ चुकते. म्हणून रोज उशीर होत असेल तर आधी गाडीची वेळ विचारा आणि तक्रार आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाई विभागाच्या स्थानिक कार्यालयात करा. जुने कपडे आणि बंद पडलेली उपकरणं रोजच्या गाडीत कोंबू नका, त्यांच्यासाठी ‘स्वच्छ’ची व्ही-कलेक्ट ही वेगळी सोय आहे.