कासवांच्या किनाऱ्यावर बाग: अंबर दिवे लावायचे की दिवेच नकोत?

ठाण्यात कोकणातल्या गावांची ग्रामविकास मंडळं काही कमी नाहीत, आणि हल्ली मीटिंग कुठल्याही कारणाने भरो, गावच्या समुद्रावर बाग करायचा विषय निघतोच. निधी कधी आमदारांचा, कधी पर्यटनाचा, वर थोडी वर्गणी. बाकं कुठली आणि पेव्हर ब्लॉक कुठले, यावर माझं मत कुणी विचारत नाही. मी दिव्यांचा माणूस, नौपाड्यात ऑफिस. मला फोन येतो तो सगळं ठरल्यावर, आणि प्रश्न ठरलेला: "आपल्याकडे कासवं येतात. वनखात्याचे साहेब लाइटबद्दल बोलून गेलेत. काय लावायचं?"

कासव कधी येतं आणि किती अंडी घालतं, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. आपल्याकडे येणारं ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत विणीच्या जागा १-अ या सर्वांत संवेदनशील गटात मोडतात, हेही तुमच्या आर्किटेक्टला ठाऊक असेल. वाळूवर काही बांधायचंच नाही, हे मी धरून चालतो. उरतो तो वाळूमागच्या बागेत रात्री काय पेटणार हा प्रश्न. त्याला माझ्या मते दोनच प्रामाणिक उत्तरं आहेत, आणि दोन्ही मी करून पाहिली आहेत, एक रत्नागिरी जिल्ह्यात, एक रायगडात.

पहिलं उत्तर: समुद्राकडच्या वाटेवर गुडघ्याएवढे बोलार्ड, म्हणजे दिव्याचे बुटके खांब, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले, आत अंबर, म्हणजे केशरी-पिवळे, एलईडी. दुसरं: समुद्राकडे एकही दिवा नाही. दिवे फक्त झाडांच्या मागे, रस्त्याला आणि पार्किंगला. विणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मे, दिवस मावळला की बागेचं फाटक बंद.

तिसरं एक उत्तर कॅटलॉगमध्ये सापडतं, 'वॉर्म व्हाइट, कासवांना सुरक्षित'. ते इथेच निकालात काढू. घरातली जुनी सीडी घ्या आणि तिच्या चकचकीत बाजूवर त्या दिव्याचं प्रतिबिंब तिरकं पाडा. निळा-हिरवा पट्टा दिसला की तो दिवा कितीही पिवळसर वाटो, आत निळा प्रकाश आहे, आणि समुद्राकडे निघालेल्या पिल्लांना भलतीकडे तोच जास्त खेचतो. खऱ्या अंबरमध्ये केशरी-पिवळ्याखेरीज फारसं काही दिसत नाही. त्याची तरंगलांबी ५९० नॅनोमीटरच्या आसपास असते, आणि जाणकार ५६० च्या वरचाच प्रकाश मागतात. सप्लायरसमोर ही सीडी काढली की चर्चा लवकर आटोपते.

मीटिंगमध्ये एक आक्षेप हमखास येतो. अंडी तर कासवमित्र (किनाऱ्यावर घरटी शोधणारे गावातलेच कार्यकर्ते) उचलून हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या राखीव वाळूत, नेतात, पिल्लं सकाळ-संध्याकाळ लोकांदेखत सोडतात, मग दिव्यांचा संबंध काय? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, तेव्हापासून ही पद्धत आपल्या किनाऱ्यावर रुळली. कुत्री, कोल्हे, अंडीचोर आणि भरती यांच्यापासून तिने अंडी वाचवली यात वादच नाही. पण हॅचरीचं काम मादी वाळूवर चढून अंडी घालून गेल्यावर सुरू होतं. किनारा उजळलेला असला तर ती अर्ध्या वाटेवरून फिरते, अंडी न घालताच. सकाळी कासवमित्राला वर जाऊन वळलेला नुसता माग दिसतो, त्याला तो काय करणार? शिवाय नजरेतून सुटलेलं एखादं घरटं असतंच. त्यातली पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि जिकडे उजळ तिकडे पळतात. पूर्वी उजळ बाजू समुद्राचीच असायची. 'आमच्याकडे येतच नाहीत' म्हणून निर्धास्त असलेल्यांनी हे आठवावं की मार्च २०१८ मध्ये चक्क मुंबईत, वर्सोव्याच्या वाळूतून रिडलेची पिल्लं निघाली होती.

अंबरची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. कासवांचे अभ्यासक ब्लेअर विदरिंग्टन यांनी फ्लोरिडा आणि कोस्टारिकाच्या किनाऱ्यांवर केलेला प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या मर्क्युरी दिव्यांच्या उजेडात माद्यांचं वर येणं एकदम घटलं. पिवळ्या सोडियम दिव्यांनी म्हणावा असा फरक पडला नाही. ती कासवं वेगळ्या जातींची होती, लॉगरहेड आणि ग्रीन, त्यामुळे रिडलेला हे जसंच्या तसं लागू आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. तरी अंबर ही नुसती जाहिरात नव्हे, एवढं त्यावरून नक्की ठरतं. दिसायलाही वाट छान दिसते. आमच्या मंडळातल्या तरुणांना ठाण्याच्या तलावपाळीसारखी रोषणाई हवी होती, तेसुद्धा अंबरची ओळ पेटलेली पाहून गप्प झाले. आणि व्यवहाराचं सांगायचं तर सरपंचांना उद्घाटनाला दाबायला बटण लागतं. ते अंबरमध्ये मिळतं, अंधारात नाही.

तरीही माझ्यापुरता निकाल लागला तो एका कटकटीने: उडालेल्या दिव्याच्या जागी काय बसतं?

खाऱ्या वाऱ्यात एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला योग्य वीज पुरवणारा भाग, टिकत नाही. फिटिंगवर आयपी-६७, म्हणजे धूळ-पाणी आत शिरणार नाही, असं छापलेलं असतं, पण केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथलं बूच) कुणीतरी हातानेच आवळलेली असते. पावसाळ्यात पाणी शिरतं आणि दिवाळीनंतर बाग झाडायला घेतली की ओळीतले काही बोलार्ड मेलेले निघतात. अंबर मॉड्यूल तालुक्याच्या बाजारात मिळत नाही. ते ऑर्डर देऊन बनवून घेतलेलं. कंपनी सुटे चार नग बनवायला तयार नसते, ग्रामपंचायतीला चार नगांसाठी तीन दरपत्रकं लागतात, आणि ती येईपर्यंत शिमग्याचे ढोल वाजायला लागतात. मध्ये विणीचा बहुतेक हंगाम गेला.

आता गावचा वायरमन हा कामसू माणूस. बंद दिवा त्याला बघवत नाही. मी जानेवारीत गेलो तेव्हा ओळ अशी होती: अंबर, अंबर, पांढरा, अंबर, पांढरा. पांढरा म्हणजे कुठल्याही किराणा दुकानात मिळतो तो नऊ वॅटचा बल्ब, ६५०० केल्विन, ट्यूबलाइटसारखा. बोलार्डच्या आत त्याने नीटनेटका होल्डर बसवला होता, इन्सुलेशन टेपसुद्धा दोन पदरी. बल्ब उंच, म्हणून वरचं झाकण बसेना, तर ते काढून शेजारी गवतात ठेवलेलं. म्हणजे प्रकाश पांढरा तर पांढरा, वर चारी दिशांना मोकळा. कासवमित्राने तक्रार केल्यावर एका बल्बाला गणपतीच्या मखरातला पिवळा जिलेटिन पेपर गुंडाळला होता. तो उन्हाने उडून पार फिका पडलेला. गावातल्या एका काकांनी मला कौतुकाने सांगितलं, "आधी तुमचे दिवे मिणमिणते होते हो, आता कसं लख्ख झालंय."

यात दोष कुणाला द्यायचा? वायरमनने त्याचं काम केलं, ग्रामपंचायतीने पैसे वाचवले, गावाला उजेड मिळाला. एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, करा, असं सगळे सुचवतात. ठाण्याहून माणूस पाठवायचा तर त्याचा एका खेपेचा खर्च दोन बोलार्डच्या वर जातो; पहिलं वर्ष कंत्राटदार जातो, दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाही. टायमर लावून हंगामात बंद ठेवू, हाही उपाय ऐकायला बरा. पण हंगाम म्हणजे थर्टी फर्स्ट, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी. नेमके पाहुणे येतात तेव्हाच दिवे बंद ठेवायचे आहेत, आणि डीबी बॉक्सची (बटणांच्या पेटीची) किल्ली गावात कुणाकडे नसते? अंबरची सगळी मदार दर वर्षी कुणीतरी आठवण ठेवण्यावर आहे. अंधार उडत नाही, त्याचा स्पेअर पार्ट लागत नाही.

दुसऱ्या कामात म्हणूनच मी समुद्राकडे केबलच टाकू दिली नाही. पाइप टाकून ठेवू, पुढेमागे उपयोगी पडेल, असा आग्रह झाला होता. पाइप पडला की त्यात केबल येतेच.

अंधाराचे तोटे आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पहिला प्रश्न बायकांनी विचारला आणि तो रास्तच होता: आमच्या पोरींनी क्लासवरून यायचं कुठून? तिथे वाडीपासून एसटी थांब्यापर्यंतची वाट आम्ही झाडांच्या मागून काढली आणि तिला भरपूर उजेड दिला, कंजुषी केली नाही. बागेतून जायची गरजच कुणाला उरली नाही. गावाचा थांबा अगदी पुळणीवर असेल तर मात्र हे जमणार नाही, हे मान्य. दुसरा तोटा बाटल्यांचा. दारू पिणाऱ्यांना अंधार आवडतो. फाटकाला कुलूप आहे, पोलीस पाटील फेरी मारतात, तरी कोपऱ्यात काचा सापडतात. अंबरच्या बागेत कमी सापडायच्या, असं मला वाटतं. मच्छीमारांची होडी लावायची जागा खाडीच्या तोंडाशी आहे, बागेपासून लांब. त्यांनी कुरकुर केली नाही. तुमच्याकडे ती जागा बागेसमोरच असेल तर त्यांना आधी विचारा, नंतर नव्हे.

चाचपडायला होऊ नये म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना चिऱ्याचे तुकडे लावून त्यांना चुना फासला. चांदण्यात ते स्वच्छ दिसतात आणि अंधारी रात्र असली तरी डोळे सरावले की पायाला पुरतात. चुना दर वर्षी द्यावा लागतो खरा, पण तो गावातच मिळतो आणि चुकीच्या रंगाचा आणताच येत नाही. मागचा पडदा झाडांचा. सुरूचं बन बहुतेक ठिकाणी आधीच असतं. ते वाळूच्या दिशेने पुढे वाढवू नका, विणीची जागाच कमी होते. नवीन लावायचं तर उंडी, करंज, केवडा लावा, आणि वाळूवरची मर्यादवेल आहे तशी राहू द्या. उंडी दाट व्हायला वर्षं जातात. तोवर आम्ही पार्किंगच्या कडेला माडाच्या झापांचं कुंपण घातलं. कॅटलॉगमधल्या कुठल्याही शेडपेक्षा त्याने जास्त उजेड अडवला.

हे मी कशावरून म्हणतो? माझ्याकडे उजेड मोजायचा लक्समीटर आहे, पण भरतीरेषेवर तो दोन्ही ठिकाणी शून्याच्या वर हलत नाही, आणि कासव काही लक्समीटर घेऊन येत नाही. त्यामुळे मी रात्री फोन बंद करून वाळूवर पालथा पडतो, हनुवटी टेकवतो आणि समुद्राकडे पाठ करून गावाच्या बाजूला बघतो. जो दिवा मला थेट दिसतो तो कासवालाही दिसणार, इतकं सरळ आहे. अंबरच्या किनाऱ्यावर झाकण शाबूत असलेले बोलार्ड खरोखरच दिसत नव्हते, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. दिसत होते ते पांढरे बल्ब, आणि त्यांच्या उजेडात न्हालेली स्वच्छतागृहाची पांढरी भिंत, जी कुणाच्याच नकाशात दिवा म्हणून नव्हती. अंधाराच्या किनाऱ्यावर झाडांची काळी रेघ सलग होती. फक्त एका हॉटेलच्या गच्चीवरची निळी पट्टी मधूनच डोकावत होती. शेजारच्या हॉटेलचा आणि चौकातल्या हायमास्टचा (उंच खांबावरच्या दिव्यांचा) बंदोबस्त दोन्ही पर्यायांत करावाच लागतो. तो न करता बागेत महागडे अंबर लावणं म्हणजे वायफळ खर्च.

एवढ्यावरून मी कुणीकडे झुकलोय ते लपलेलं नाही. तरी एखाद्या नगरपंचायतीकडे स्वतःचा विद्युत विभाग असेल, वाट समुद्राच्या कडेनेच जात असेल आणि रात्री तिच्यावर खरोखर वर्दळ असेल, तर अंबर नाकारायचं कारण नाही. फक्त टेंडरमध्ये चार गोष्टी घालून घ्या. फिटिंग अशी हवी की तिच्यात बाजारातला बल्ब बसूच नये. सुटे मॉड्यूल आणि ड्रायव्हर पहिल्याच खरेदीत घ्यायचे, निदान पाचेक वर्षं पुरतील इतके, आणि ते कार्यालयाच्या कपाटात मोजून ठेवायचे. दिवा उडाला आणि सुटा भाग नसला तर ती जागा हंगाम संपेपर्यंत बंदच राहील, असा ठराव सभेत करून घ्यायचा. आणि मागच्या भिंतींना चुना नको, मातकट रंग द्या.

हे लिहून द्यायला सरपंच तयार असतील तर अंबरचं कोटेशन मी आनंदाने देईन. नसतील तर पार्किंगच्या दिव्यांचं तेवढं पाठवतो.