बनियान-ब्लेड: दरमहा घरपोच डबा (सबस्क्रिप्शन) की नागपूरचे सीताबर्डी-गांधीबाग बाजार?

ब्लेडमध्ये खरा फरक रेझरचा. सबस्क्रिप्शनच्या डब्यात बहुधा कार्ट्रिज, म्हणजे पाती बसवलेलं तयार डोकं, येतं. ते त्याच कंपनीच्या दांड्यात बसतं, म्हणजे योजना सोडली की दांडा अडगळीत. दुधारी पात्याचा साधा रेझर असेल तर कुठल्याही कंपनीचं पातं चालतं, आणि ते गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतं. एक पातं पाच-सहा दाढ्या. रोज दाढी करणाऱ्याला महिन्याला पाच-सहा पुरतात. एक दिवसाआड करणाऱ्याकडे डबे नुसते साचतात, म्हणून दोन महिन्यांतून एकदा येणारा डबा निवडा.

बनियान मात्र हात लावूनच घ्यावी. माप छातीचं, सेंटिमीटरमध्ये: ८५, ९०, ९५. नागपूरच्या उन्हाळ्यात पातळ, शंभर टक्के सुतीच बरी. पॉलिस्टर मिसळलेली पाठीला चिकटते. घरपोच आलेली घट्ट निघाली तर आतले कपडे सहसा परत घेत नाहीत. गांधीबागेत ठोक भाव डझनावर. दोन-तीनच हव्या असतील तर सीताबर्डीच बरी.

मोजे? कुठूनही घ्या, फक्त एकाच रंगाचे.

ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापणं, लावलं असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. नको असलेला डबा तेव्हाच थांबवा.